रिबात अल-मन्सूरी, जेरुसलेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेरुसलेमहून परत आल्यापासून लोक मला सोनेरी घुमटाबद्दल विचारतात आणि मी त्यांना एका अरुंद गल्लीबद्दल सांगत बसते. त्या गल्लीत समोरासमोर दोन जुने दरवाजे आहेत. दोन्ही तेराव्या शतकातले, दोन्ही यात्रेकरूंसाठी बांधलेले, आणि दोन्हींच्या आत आजही चुली पेटतात. मग प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदाची लिहून ठेवावीत असं वाटलं.

रिबात म्हणजे काय?

अरबीत 'र-ब-त' या धातूचा अर्थ बांधणं. घोडे बांधून सज्ज ठेवायची जागा ती रिबात. इस्लामच्या पहिल्या काही शतकांत सरहद्दीवरच्या छोट्या गढ्यांना हे नाव होतं. ट्युनिशियात मोनास्तिर आणि सूस इथले आठव्या-नवव्या शतकातले रिबात अजून उभे आहेत. तिथली माणसं पहारा द्यायची आणि उरलेला वेळ उपासनेत घालवायची. मोरोक्कोच्या राजधानीचं रबात हे नावही इथूनच आलं. पुढे सरहद्दी सरकल्या, पहारा संपला, एकत्र राहून उपासना करायची जागा एवढा अर्थ उरला. बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत मक्का, मदिना, जेरुसलेम अशा शहरांत रिबात म्हणजे गरीब, एकटे, म्हातारे आणि यात्रेकरू यांच्या फुकट मुक्कामाची जागा झाली होती.

"त्यांच्या घरी माणसांचा मोठा राबता" असं आपण म्हणतो ना, तो 'राबता' याच धातूतला. बांधलेपण, संबंध, आणि मग सततची ये-जा. हे कळलं तेव्हापासून मला रिबात हा शब्द परका वाटेनासा झाला.

म्हणजे आपली धर्मशाळाच ना?

बरीचशी. पंढरपूरची किंवा नाशिकची जुनी धर्मशाळा ज्याने पाहिली आहे त्याला रिबात समजावून सांगायला लागत नाही. मधे अंगण, भोवती खोल्या, एक मोठं दार, दारावर बांधणाऱ्याचं नाव.

मात्र मध्ययुगीन जेरुसलेममध्ये उतरायच्या जागांचे अनेक प्रकार होते आणि त्यांची सरमिसळ होते. 'खान' म्हणजे सराई: व्यापाऱ्यांसाठी, पैसे देऊन, खाली माल आणि वर माणसं. 'खानकाह' म्हणजे सूफींचा मठ, नेमलेल्या साधकांचा. सलाहुद्दीनने ११८९ मध्ये ख्रिस्ती धर्मगुरूंच्या जुन्या वाड्यात काढलेली सलाहिया खानकाह ही तशी. 'झाविया' म्हणजे एखाद्या पीराभोवती किंवा एखाद्या देशाच्या लोकांभोवती वाढलेलं ठिकाण. मदरसा शिकणाऱ्यांचा. आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, ना माल, ना गुरू, ना पुस्तक, त्याच्यासाठी रिबात. व्यवहारात या सीमा पुसट असत, पण मूळ कल्पना ही.

हा रिबात नेमका कुठे आहे?

जेरुसलेमच्या तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात. उत्तर-दक्षिण जाणारा अल-वाद नावाचा मोठा बाजाररस्ता आहे. त्याला पूर्वेकडे फुटणारी एक गल्ली हरम शरीफच्या पश्चिम बाजूच्या एका दरवाजाशी संपते. हरम शरीफ म्हणजे अल-अक्सा मशीद आणि सोनेरी घुमट असलेलं ते मोठं आवार. गल्लीच्या दक्षिण बाजूला रिबात अल-मन्सूरी, उत्तर बाजूला त्याच्याहून थोडा जुना रिबात अलाउद्दीन अल-बसीर.

गल्लीच्या टोकाच्या दरवाजाची नावं ऐका: बाब अन-नाझिर, म्हणजे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा दरवाजा. बाब अल-हब्स, तुरुंगाचा दरवाजा. बाब अल-मजलिस, परिषदेचा दरवाजा. काही जण अलाउद्दीनचंच नाव लावतात. तीनचार नावांत गल्लीचा सगळा इतिहास आला. तो पुढे येईलच.

कोणी बांधला?

सुलतान अल-मन्सूर कलावून याने, हिजरी ६८१ मध्ये, म्हणजे १२८२-८३ मध्ये. कलावून मूळचा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या किपचाक तुर्कांपैकी. तरुणपणी गुलाम म्हणून विकला गेला. त्याची किंमत एक हजार दिनार पडली, म्हणून त्याला 'अल-अल्फी', हजाराचा, असं टोपणनाव पडलं. ते त्याने आयुष्यभर मिरवलं. इजिप्त आणि सीरियावर राज्य करणाऱ्या मामलुकांची रीतच ही होती: विकत आणलेली मुलं सैनिक व्हायची, सैनिकांचे सरदार, सरदारांतून सुलतान. कलावून १२७९ मध्ये गादीवर आला, १२८१ मध्ये होम्सजवळ मंगोल फौजेला त्याने मागे रेटलं आणि दुसऱ्याच वर्षी जेरुसलेममध्ये हा रिबात उभा राहिला. कैरोतलं त्याचं प्रसिद्ध रुग्णालय त्यानंतरचं, १२८४-८५ चं.

घरदार नसलेल्या वाटसरूंसाठी छप्पर बांधणारा हा राजा स्वतः तरुणपणी घरापासून तुटलेला होता. या दोन गोष्टींचा संबंध कुठल्याही शिलालेखात लिहिलेला नाही, पण माझ्या मनातून तो जात नाही.

दारावरच्या शिलालेखात काय लिहिलं आहे?

सुरुवातीला सुलतानाच्या पदव्या, नेहमीप्रमाणे लांबलचक. मग कामाचं वाक्य: सुलतानाने हा मुबारक रिबात उभारण्याची आज्ञा दिली आणि तो वक्फ केला फकीरांसाठी आणि पवित्र कुद्सच्या, म्हणजे जेरुसलेमच्या, यात्रेकरूंसाठी. मग साल.

यातले दोन शब्द मराठी कानाला ओळखीचे आहेत. 'फुकरा' हे फकीरचं अनेकवचन. आपल्याकडे फकीर म्हटलं की झोळी आणि मोरपिसांचा कुंचा डोळ्यांपुढे येतो. मूळ अर्थ नुसता गरीब, गरज असलेला. दुसरा शब्द 'झुव्वार', म्हणजे जियारत करणारे, भेटीला येणारे. मक्केला जाणारा हाजी, जेरुसलेमला येणारा झाइर. हज ठरलेल्या महिन्यातच होतो. जियारत केव्हाही करता येते, आणि म्हणून इथे वर्षभर माणसं येत राहायची.

या वाक्याकडे मी बराच वेळ पाहत उभी होते. कुठल्या देशाचे, कुठल्या भाषेचे, कुठल्या पंथाचे असं काही त्यात नाही. इतर कित्येक वक्फांत अशा अटी असत, अमक्या मुलखातले, तमक्या मजहबचे. इथे दोनच अटी: गरीब असावं, किंवा या शहराच्या ओढीने आलेलं असावं. दगडात कोरल्यामुळे हे वचन नंतरच्या कोणालाही गुपचूप बदलता आलं नाही. ते आजही गल्लीतून जाणाऱ्याच्या डोक्यावर आहे.

त्या काळात जेरुसलेममध्ये निवाऱ्याची एवढी गरज का पडली?

कारण शहर उजाड झालं होतं. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने ते क्रुसेडरांकडून घेतलं खरं, पण १२१९ मध्ये त्याच्याच पुतण्याने, अल-मुअज्जम ईसाने, शत्रूच्या हाती तयार किल्ला पडू नये म्हणून तट पाडून टाकले. माणसं घाबरून निघून गेली. मधे काही वर्षं शहर तहाने पुन्हा ख्रिस्ती राजवटीकडे गेलं. १२४४ मध्ये ख्वारिझमी घोडेस्वारांनी ते लुटलं. १२६० मध्ये 'ऐन जालूत' या ठिकाणी मंगोलांचा पराभव झाल्यानंतर मामलुकांकडे आलं तेव्हा ते विनातटबंदीचं, विरळ वस्तीचं गाव झालेलं होतं. आज दिसणारे तट उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, सुलतान सुलेमानने १५३७ ते १५४१ या काळात बांधले. म्हणजे रिबात बांधला गेला तेव्हा आणि पुढची अडीचशे वर्षं यात्रेकरूला रात्री आडोसा द्यायला शहराची वेसही नव्हती.

आणि माणसं तर येणारच. मुसलमानांचा पहिला किबला इथला. मदिनेला गेल्यावरही सोळा-सतरा महिने प्रेषितांनी नमाज याच दिशेला तोंड करून पढली. मेराजची, म्हणजे प्रेषितांच्या स्वर्गारोहणाची, रात्रही याच शहराशी जोडलेली. आपल्याकडचे मुसलमान या शहराला 'बैतुल मुकद्दस' म्हणतात ते उगाच नाही. अनेक हाजी मक्का-मदिनेनंतर इथे येऊन यात्रा पुरी करत. त्याला 'तकदीस' म्हणत, म्हणजे हजला पावित्र्याची जोड देणं. महिनोन्‌महिने चालून आलेला, गाठीचे पैसे संपलेला माणूस इथे पोचायचा. त्याला पहिल्यांदा लागायची ती चार भिंतींची खोली आणि पाणी.

समोरचा रिबात कोणाचा?

अलाउद्दीन आयदुग्दी नावाच्या अमीराचा. जेरुसलेम आणि हेब्रॉन या दोन्ही हरमांचा तो नाझिर, म्हणजे व्यवस्थापक होता. टोकाच्या दरवाजाचं नाव त्या पदावरून. सुलतान बैबर्स आणि नंतर कलावून, दोघांच्या राजवटीत त्याने ते काम केलं. रिबात बांधला १२६७-६८ मध्ये, सुलतानाच्या रिबातच्या पंधरा वर्षं आधी. मामलुकांनी जेरुसलेममध्ये केलेल्या अगदी पहिल्या बांधकामांपैकी हे एक.

उतारवयात त्याची दृष्टी गेली. तरीही काम असं चोख की लोक त्याला 'अल-बसीर' म्हणू लागले: डोळस, ज्याला दिसतं असा. १२९४ च्या सुमारास तो वारला आणि स्वतःच्याच रिबातमध्ये, यात्रेकरूंच्या सोबतीने पुरला गेला.

राजाच्या आधी कारभाऱ्याने बांधलं याचं मला विशेष वाटतं. रोज त्या रस्त्यावरून ये-जा करणाऱ्याला कोण उघड्यावर झोपतं ते दिसत होतं.

आतून इमारत कशी आहे?

रस्त्यावर उंच टोकदार कमान, तिच्या आत थोडं मागे सरकलेलं दार, दाराच्या दोन्ही अंगांना दगडी बाकं. लाल आणि फिकट पिवळसर दगडांचे थर आलटून पालटून लावलेले. या कामाला 'अब्लक' म्हणतात आणि मामलुक बांधकामाची ती खूण. दारातून आत गेलं की घुमटी छताची देवडी, मग अंगण, अंगणाभोवती लहान लहान खोल्या. एका बाजूला एकत्र बसायचं मोठं दालन. बस, एवढंच. राजाने बांधलं असलं तरी आत नक्षी फारशी नाही.

ती बाकं मात्र पाहण्यासारखी. कडा झिजून गोल झाल्या आहेत, मधे बसका खळगा पडलेला. मी गेले तेव्हा एक आजी तिथे बसून मांडीवरच्या परातीत मुलुखियाची पानं निवडत होत्या. देठ एकीकडे, पानं एकीकडे, आपल्याकडे अंबाडी निवडतात अगदी तशी. सात-आठ वर्षांचा एक मुलगा सायकल ढकलत त्या सुलतानी कमानीखालून आत गेला आणि आजींनी मान वर न करता त्याला काहीतरी बजावलं. आतून धुणं वाळत घातलेल्या दोऱ्या दिसत होत्या. जुन्या खोल्यांना जोडून नंतर बांधलेल्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, कुंड्यांमधला पुदिना. मूळ अंगण त्यांत जवळजवळ भरून गेलं आहे.

खर्च कोण करायचं?

वक्फ. या शब्दाभोवती आपल्याकडे हल्ली इतका गदारोळ असतो की मूळ कल्पना बाजूला पडते. वक्फचा शब्दशः अर्थ थांबवणं. मालमत्ता विकणं, वाटणं, वारसांना देणं हे सगळं थांबवायचं आणि तिचं उत्पन्न एका ठरलेल्या कामाला कायमचं बांधून टाकायचं. एखाद्या गावाचा शेतसारा, काही दुकानांचं भाडं, एखादं हमामखाना, तेलघाणा. दस्तऐवजात लिहिलेलं असे की एवढं दिव्याच्या तेलाला, एवढं चटयांना, एवढं झाडणाऱ्याला, एवढं डागडुजीला. डागडुजी बहुधा सगळ्यांत आधी. छप्पर गळलं तर बाकीच्याला अर्थ नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं. कारभार पाहणारा मुतवल्ली किंवा नाझिर. त्याच्यावर काझीची नजर.

यात निव्वळ पुण्यच होतं असं मी म्हणणार नाही. मामलुक सरदाराची जहागीर मुलाला मिळत नसे आणि सुलतानाची मर्जी फिरली की संपत्ती जप्त व्हायची. वक्फ केलेली मालमत्ता त्यामानाने सुरक्षित, आणि मुतवल्ली म्हणून आपल्याच वंशजांना नेमता यायचं. शिवाय हरमच्या भिंतीपाशी आपलं नाव दगडात राहायचं. पण हेतू मिसळलेले असले तरी यात्रेकरूला मिळालेली रात्र खरी होती.

जेवण मिळायचं का?

काही ठिकाणी भाकरी मिळे. शहरात मोठं अन्नछत्र आलं ते नंतर, उस्मानी काळात. सुलतान सुलेमानची बेगम हुर्रेम, म्हणजे खासकी सुलतान, हिने १५५२ मध्ये ते वक्फ केलं. लुद्द आणि आसपासच्या अनेक गावांचं उत्पन्न त्याला लावून दिलं. रोज दोन वेळा जेवण: सकाळी तांदळाची पातळ पेज, संध्याकाळी भरडलेल्या गव्हाची, दोन्हींत हरभरे. सोबत पाव. शुक्रवारी आणि रमजानच्या रात्री मांस घातलेला भात आणि केशरी गोड भात. दस्तात रोजच्या ४०० गरिबांची तरतूद आहे.

हे अन्नछत्र आजही चालू आहे, आमच्या या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. लोक त्याला 'तकिया' म्हणतात. हाच शब्द मराठीत फकिराचा तकिया म्हणून आला. टेकायची जागा.

किती दिवस राहता यायचं?

पाहुणचार तीन दिवस, त्यापुढचं दान, असं हदीसमध्ये आहे आणि अनेक सराया-मठ तीन दिवसांचा दंडक पाळत. आपल्या धर्मशाळांतही तीनच दिवस, नाही का? पण पवित्र शहरांत एक वेगळा वर्ग असे: 'मुजाविर', शेजारी. यात्रेला आले आणि इथेच मरण यावं म्हणून राहून गेले, असे. रिबातच्या खोल्यांत अशा म्हाताऱ्या माणसांना थारा मिळायचा.

स्त्रियांना प्रवेश होता?

स्त्रियांचे वेगळे रिबात असत. जेरुसलेममध्ये अमीर तन्किजने १३२८-२९ मध्ये जी मोठी संस्था उभारली, तिच्यात मदरसा आणि खानकाहबरोबर वृद्ध स्त्रियांसाठी रिबातही होता. कैरोत सुलतान बैबर्सच्या मुलीने १२८५ च्या सुमारास शेखा झैनब अल-बगदादिया या विदुषीसाठी रिबात बांधला. तिथे घटस्फोटित आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका दुसरं लग्न होईपर्यंत किंवा नवऱ्याकडे परत जाईपर्यंत राहत. तेराव्या शतकात टाकलेल्या बाईला हक्काचं दार होतं, हे वाचून मी क्षणभर पुस्तक मिटून ठेवलं होतं.

फक्त मुसलमानांसाठी का?

हो. प्रत्येक धर्माच्या यात्रेकरूंची आपापली सोय होती. चौदाव्या शतकात ख्रिस्ती यात्रेकरू क्रुसेडकाळातल्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत उतरत, फ्रान्सिस्कन साधूंचा मठ सियोनच्या टेकडीवर होता, आणि यहुदी यात्रेकरू आपल्या समाजाकडे जात.

मग याचा तुरुंग कसा झाला?

सगळ्यांत कठीण प्रश्न हाच. उस्मानी राजवटीच्या उत्तरार्धात वक्फांचं उत्पन्न आटलं, इमारती रिकाम्या पडल्या आणि सरकारने दोन्ही रिबात तुरुंग म्हणून वापरायला घेतले. सुलतानाचा रिबात 'हब्स अर-रिबात' झाला. समोरच्या अलाउद्दीनच्या रिबातला 'हब्स अद-दम', रक्ताचा तुरुंग, म्हणू लागले. फाशीची शिक्षा झालेले कैदी तिथे असत.

आणि दुर्दैवाने इमारत त्या कामाला लगेच जमली. एकच दार, जाड भिंती, मधे अंगण, भोवती एकेका माणसापुरत्या खोल्या. यात्रेकरूला जी खोली आसरा वाटायची तीच बाहेरून कडी घातली की कोठडी. आज तिथे राहणारी घरं जाडजूड भिंती दाखवून सांगतात, आमचं स्वयंपाकघर म्हणजे पूर्वीची कोठडी. ब्रिटिश आले तेव्हा तुरुंग बंद झाला आणि इमारती पुन्हा वक्फकडे आल्या.

आता तिथे कोण राहतं?

जेरुसलेमचा आफ्रिकी समाज. पन्नासेक कुटुंबं, दोन्ही रिबातमध्ये मिळून. यांचे आजे-पणजे चाड, सेनेगल, नायजेरिया, सुदान अशा मुलखांतून हजला निघाले, मक्केनंतर तकदीससाठी इथे आले आणि राहून गेले. पश्चिम आफ्रिकेच्या तकरूर या जुन्या नावावरून अरबीत त्यांना 'तकारना' म्हणत. त्यांच्यातले कित्येक जण हरमच्या दरवाजांवर पहारेकरी होते, आणि त्यांचा प्रामाणिकपणा शहरात वाखाणला जायचा. ब्रिटिश काळात वक्फने या खोल्या त्यांना नाममात्र भाड्याने दिल्या.

हे नीट समजून घेतलं पाहिजे. बरेच लोक म्हणतात, "अरेरे, ऐतिहासिक वास्तूत वस्ती झाली!" मला ते पटत नाही. शिलालेख काय म्हणतो? गरिबांसाठी आणि यात्रेकरूंसाठी. सातशे चाळीस वर्षांनंतर आत राहतात ते यात्रेकरूंचेच नातू-पणतू, आणि श्रीमंत तर कोणीच नाही. हा रिबात अजूनही रिबातच आहे. तो रिकामा करून, खोल्यांत दिवे सोडून, दारात तिकीटखिडकी बसवली असती तर दगड जास्त स्वच्छ राहिले असते आणि दारावरचं वाक्य खोटं ठरलं असतं.

त्यांचं जगणं सोपं नाही. खोल्या अपुऱ्या आहेत, ओल आहे, घर वाढवायला परवानगी मिळणं दुरापास्त. १९६७ पासून जुनं शहर इस्रायलच्या ताब्यात आहे आणि गल्लीच्या टोकाला पोलिसांचा पहारा असतो. तणावाच्या दिवसांत घरी जायलाही अडवणूक होते.

भारतीयांसाठी असं काही होतं का?

होतं आणि आहे. शहराच्या उत्तरेकडे, बाब अस-साहिरा या वेशीजवळ, 'झाविया अल-हिंदिया' आहे. पंजाबचे सूफी संत बाबा फरीद यांनी तिथे चाळीस दिवस चिल्ला केला, एकांतात उपासना केली, अशी परंपरा सांगते. तेव्हापासून हिंदुस्थानातून येणारे यात्रेकरू तिथे उतरत आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जागा मोडकळीला आली होती. खिलाफत चळवळीतल्या पुढाऱ्यांच्या मदतीने १९२४ मध्ये सहारनपूरचे नझीर हसन अन्सारी तिथे गेले आणि त्यांनी ती पुन्हा उभी केली. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढणारे हिंदी सैनिक सुट्टीत इथे मुक्कामाला येत. तिथल्या दालनांना 'दिल्ली' आणि 'त्रावणकोर' अशी नावं आहेत. १९६७ च्या युद्धात तोफगोळा पडून काही खोल्या उद्ध्वस्त झाल्या आणि कुटुंबातली माणसंही दगावली. तरी ते कुटुंब तिथेच आहे.

आमच्या गल्लीपासून दक्षिणेला, हरमच्याच पश्चिम भिंतीशी, खिलाफत चळवळीचे मौलाना मुहम्मद अली यांची कबर आहे. १९३१ मध्ये लंडनहून त्यांचा देह इथे आणून पुरला.

महाराष्ट्राशी काही धागा?

ओढूनताणून नको, पण काही खरे धागे आहेत. बाबा फरीद यांचे शिष्य दिल्लीचे निजामुद्दीन औलिया, आणि त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात देवगिरी-दौलताबादला आले. १३३७ मध्ये ते वारले. त्यांचा दर्गा खुलताबादला आहे. म्हणजे जेरुसलेमच्या त्या चिल्ल्याची शिष्यपरंपरा वेरूळजवळच्या टेकडीपर्यंत येते.

दुसरा धागा इब्न बतूताचा. १३२६ मध्ये तो जेरुसलेमला आला तेव्हा हा रिबात बांधून चाळीसेक वर्षं झाली होती. पुढे तोच माणूस दौलताबाद पाहून गेला आणि नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल लिहून गेला.

तिसरा धागा अजून जिवंत आहे. हैदराबादच्या निजामांनी मक्केत आपल्या रयतेतल्या हाजींसाठी 'रुबात' घेतले. रिबातचाच हा उर्दू उच्चार. संस्थान गेलं, पण वक्फची अट तशीच राहिली. म्हणून आजही जुन्या निजामी मुलखातल्या, म्हणजे तेलंगण आणि कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांबरोबर आपल्या मराठवाड्यातल्या हाजींची चिठ्ठ्या टाकून निवड होते आणि त्यांना तिथे फुकट राहता येतं. परभणी किंवा बीडच्या एखाद्या घरात विचारा, "रुबातमध्ये नंबर लागला" हे वाक्य कानावर पडेल. आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना ज्यांना माहीत आहे, त्यांना बोटीची वाट पाहणाऱ्या हाजींचे मुक्कामही आठवत असतील. मुंबईहून हजची बोट १९९५ पर्यंत सुटत होती.

जेरुसलेममध्ये असे आणखी रिबात आहेत का?

आहेत. बाब अल-हदीदजवळ अमीर कुर्दचा (१२९३-९४), बाब अल-मतहराजवळ ख्वाजा इब्न अझ-झमनचा (१४७६-७७), शिवाय काही छोटे. बहुतेकांत आज घरं आहेत.

पाहायला जाता येतं का? राहता येतं का?

गल्लीतून चालायला सहसा अडचण नसते, आणि बाहेरची कमान आणि शिलालेख रस्त्यावरूनच दिसतात. आत मात्र लोकांची घरं आहेत. बोलावलं तरच जा, न विचारता कॅमेरा काढू नका, अंगणातल्या बायकामुलांचे फोटो तर नाहीच. गल्लीच्या टोकाच्या दरवाजातून हरममध्ये फक्त मुसलमानांना प्रवेश मिळतो. इतरांसाठी मुघरबी दरवाजा, ठरलेल्या वेळातच. शुक्रवारी दुपारी गल्ली नमाजला जाणाऱ्यांनी भरलेली असते, तेव्हा नुसतं पाहायला येणाऱ्यांनी वेळ बदलावी.

मुक्काम मिळत नाही, सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत. अल-वाद रस्त्यावर थोडं उत्तरेला १८६३ मध्ये उघडलेलं ऑस्ट्रियन यात्रीनिवास आहे, तिथे पैसे देऊन कोणालाही राहता येतं. मी तिथेच उतरले होते. सकाळी लवकर बाहेर पडा, तिळाच्या लांबट गोल पावाची गाडी दारापाशीच असते. पाव घेऊन अल-वादवरून दक्षिणेला चालायला लागा आणि डावीकडच्या गल्ल्या बघत जा. ज्या गल्लीच्या तोंडाशी अलाउद्दीनचं नाव दिसेल तिथे वळा. मन्सूरीचं दार उजव्या हाताला.